काशाची घंटा, जर्मनची पातेली



माझ्या माहेरच्या गावातल्या मंदिराची मोठी घंटा गेल्या दशलक्षण पर्वापासून बद्द वाजू लागली. पूर्वी टोल द्यायचा आणि तो नाद सभामंडपातून फिरून विरेपर्यंत आपण गाभाऱ्यासमोर पोचलेलं असायचं. आता नुसतं ‘खट्ट’ होतं आणि संपतं. शिडीवर चढून पाहिलं तर काठापासून वर केसासारखी बारीक चीर गेलेली दिसली.

मंदिराच्या बैठकीत विषय निघाला. मी त्या वेळी माहेरीच होते. एक काका म्हणाले, “मोडीत घालू. वजनाला चांगला भाव येईल. थोडी भर घातली की नवी घंटा होईल आणि उरलेल्यात पुढच्या ओवरीला ॲल्युमिनियमची सरकती दारं बसतील.” सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर हिशेब चुकीचा नव्हता. पावसाळ्यात ओवरीत पाणी येतं, लाकडी दारं फुगतात, वाळवी लागते.

पण त्या घंटेच्या काठावर शके आणि एका बाईचं नाव कोरलेलं आहे. फक्त तिचं नाव. नवऱ्याचं नाही, आडनावही नाही. ती कोण होती हे आज गावात कुणाला सांगता येत नाही. घंटा वितळली की ते नावही वितळणार. मी मागच्या सतरंजीवरून हात वर केला आणि म्हटलं, “मला एक महिना द्या.” का मागितला ते माझं मलाही नीट कळलं नव्हतं. आता कळलंय, म्हणून हा लेख.

आजीची सहा ताटं

आमच्या घरी काशाची सहा ताटं होती. सणाला, मुनिमहाराजांच्या आहाराचं चौके लागायचे तेव्हा आणि नवी सून आली की ती बाहेर निघायची. बोटाने टिचकी मारली तर ताट गुणगुणायचं. आम्ही मुली जेवणाआधी मुद्दाम टिचक्या मारायचो आणि आजी ओरडायची.

आईच्या लग्नानंतर काही वर्षांनी एक भांडीवाला दारात आला. जुनं द्या, नवं घ्या. आजीने पाच ताटं मोडीत घातली आणि त्या बदल्यात जर्मनच्या पातेल्यांचा एक उतरंडीसारखा संच घेतला. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. सहावं ताट काही वर्षांनी हातातून पडलं आणि चक्क फुटलं. मला ते भारी आश्चर्य वाटलं होतं. धातू कधी फुटतो का? आता घरात उरलीये ती पाय घासायची काशाची वाटी. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून आजी ती फिरवायची, ती अजून माझ्या कपाटात आहे.

मी पुष्कळ वर्षं आजीवर मनातल्या मनात रागावले होते. आता नाही. काशाचं ताट चिंच-राखेने घासायचं, आंबट वाढायचं नाही, आपटू द्यायचं नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना पुन्हा पुन्हा कल्हई करायची. विहिरीवरून पाणी आणायचं ते जड घागरीतून. अशा बाईच्या हातात कुणी फुलासारखं हलकं पातेलं दिलं, जे लवकर तापतं, चुलीवर सरपण कमी लागतं, तर ती ते घेणारच. ताटांचा नाद गेला, पण तिच्या मनगटाला आराम मिळाला. तो हिशेब तिचा होता.

एकच धातू, ताटात आणि घंटेत

महिनाभरात मी जे वाचलं त्यातली पहिली गोष्ट ऐकून माझी मीच हसले. घंटेचा धातू आणि काशाच्या ताटाचा धातू एकच आहे. साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. जगात कुठेही जा, युरोपातल्या चर्चची घंटा असो की आपल्या देवळातली, प्रमाण त्याच्या आसपास. म्हणजे आमची ताटं गुणगुणत होती ती उगाच नव्हे. ती चपटी घंटाच होती.

तांबं मऊ, कथील त्याहूनही मऊ. दोन मऊ धातू एकत्र आले की कठीण होतात, ही कांस्याची जादू. कथील जितकं जास्त तितका नाद चांगला, पण तितकाच ठिसूळपणाही जास्त. म्हणून ताट फुटलं आणि म्हणूनच घंटेला चीर गेली. मूर्ती ओतायची असेल, यंत्राचा भाग करायचा असेल तर कथील कमी घालतात. तोफा ज्या मिश्रणाच्या करत, त्या गनमेटलमध्ये दर शंभरात साधारण ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. तोफांचा जमाना गेला, पण नाव राहिलं. विहिरीवरच्या पंपात गनमेटलची बुश असते, शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही विचारा.

आपल्या समाजात जैन कासार आहेत. कासार हा शब्दच कांस्यकार या शब्दावरून आला. म्हणजे हा धातू आपल्या आडनावां-जातींमध्ये शिरून बसलेला आहे, आणि आपण मात्र तो मोडीत घालायला निघालो आहोत.

वाचलं ते कसं वाचलं

कांस्याची एक मोठी अडचण आहे: ते वितळवलं की पुन्हा तितकंच चांगलं होतं. दगडाची मूर्ती फोडून काही मिळत नाही, पण कांस्याची मूर्ती म्हणजे साठवलेला पैसा. त्यामुळे जगातलं जुनं कांस्य बहुतेक वितळलं. जे वाचलं ते पुरलं गेलं म्हणून, बुडालं म्हणून किंवा त्याने घर बदललं म्हणून.

बिहारमध्ये बक्सरजवळ चौसा नावाचं गाव आहे. तिथे १९३१ साली जमिनीतून १८ जैन कांस्यवस्तू निघाल्या. १६ तीर्थंकरांच्या मूर्ती, एक धर्मचक्र आणि एक वृक्ष. त्यांतल्या काही इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या मानल्या जातात. गुजरातेत बडोद्याजवळ अकोटा इथे १९५१ मध्ये असाच साठा सापडला, ६८ मूर्तींचा. त्यात जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या, मुकुट घातलेल्या महावीरांची मूर्ती आहे. कुणीतरी संकटाच्या वेळी या मूर्ती घाईघाईने पुरल्या असणार. परत काढायला ते आलेच नाहीत. म्हणून आज आपण त्या पाहू शकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात श्रवणबेळगोळची बाहुबलींची कांस्यमूर्ती आहे. डोंगरावरचा तो विराट गोमटेश डोळ्यांत घेऊन तिच्यासमोर उभं राहा. हातभर उंचीची मूर्ती, मांड्यांवर चढलेल्या वेली, आणि तीच शांती.

रोममध्ये उलटं घडलं. पँथिऑन नावाचं सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं देऊळ तिथे अजून उभं आहे. त्याच्या पुढच्या ओसरीचं छत कांस्याच्या तुळयांवर होतं. १६२० च्या दशकात आठवे अर्बन या पोपनी त्या तुळया उतरवल्या आणि त्यातलं बरंचसं कांस्य तोफांसाठी वितळवलं. पोपचं घराणं बार्बेरिनी. रानटी टोळ्यांनीही जे केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं, अशी कोटी तेव्हा रोमच्या लोकांनी केली आणि ती आजही सांगितली जाते. देवळाची ओसरी आणि पैशांचा हिशेब! हे वाचताना मला आमची बैठक आठवली आणि जरा चपापल्यासारखं झालं.

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवल्या. वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, तेव्हा सगळीकडे तेच चालायचं. पण यांतल्या अनेक घंटा देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावर अशी एक घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावरच्या घंटेवर १७०७, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया उठावात आहे. मेणवलीला मी गेले आहे. कृष्णेकडे तोंड करून ती घंटा टांगलेली आहे. परक्या देवाची, परक्या भाषेची घंटा आपल्याकडे आली आणि पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ टिकली. कुणीही त्यावरची अक्षरं घासून काढली नाहीत. मग आपल्याच गावातल्या बाईने दिलेली, आपल्याच लिपीतलं नाव असलेली घंटा आपण का घालवायची?

मातीतली चांदी

पण ॲल्युमिनियमला मी खलनायक करणार नाही. त्याचीही गोष्ट तितकीच ऐकण्यासारखी आहे.

पृथ्वीच्या कवचात जे धातू आहेत त्यांत सर्वांत जास्त ॲल्युमिनियम आहे, साधारण ८ टक्के. आपण त्याच्यावरच चालतो. तरीही हजारो वर्षं माणसाला त्याचा पत्ता नव्हता, कारण ते प्राणवायूला इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की भट्टीत कोळशाने सुटत नाही. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा त्याचा कण वेगळा केला. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये देव्हिल यांनी जरा जास्त प्रमाणात ते बनवण्याची रीत काढली. तरी भाव चांदीच्या घरातला. तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमची ताटं-काटे असायचे आणि बाकीच्यांना सोन्या-चांदीची, असं सांगतात. आजीला हे कळलं असतं तर तिने ती पातेली कपाटात कुलपात ठेवली असती!

अमेरिकेत वॉशिंग्टनचं उंच दगडी स्मारक १८८४ च्या डिसेंबरात पुरं झालं. त्याच्या अगदी टोकावर काय बसवलं असेल? ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड, सुमारे २.८५ किलो वजनाचा. तेव्हा तो धातू इतका दुर्मीळ होता की टोक वर चढवण्याआधी न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात ठेवलं, आणि लोक येऊन त्यावरून पाय टाकून जायचे, मी वॉशिंग्टनच्या स्मारकावरून उडी मारली असं घरी जाऊन सांगायला. विजेपासून रक्षणासाठी टोक धातूचं हवं होतं, आणि तांब्या-कांस्याचे हिरवे ओघळ खालच्या पांढऱ्या दगडावर उतरतात, ॲल्युमिनियमचे उतरत नाहीत.

दोनच वर्षांनी सगळं बदललं. १८८६ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ओबर्लिन गावी चार्ल्स हॉल नावाच्या २२ वर्षांच्या मुलाने घरामागच्या लाकडाच्या खोपटात वीज वापरून ॲल्युमिनियमच्या गोळ्या बनवल्या. त्याची बहीण ज्यूलियाही रसायनशास्त्र शिकलेली होती. प्रयोगांत तिची मदत होती आणि पुढे पेटंटचा तंटा झाला तेव्हा कोणत्या दिवशी काय घडलं याची तिची साक्ष कामाला आली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, हॉलची काही माहिती नसताना, तीच रीत शोधली. दोघेही १८६३ मध्ये जन्मलेले आणि दोघेही १९१४ मध्ये गेले. रीतीला दोघांचं नाव आहे. ज्यूलियाचं नाही. घंटेवर नाव कोरून ठेवणारी आमच्या गावची बाई हुशार होती म्हणायची.

क्रायोलाइट नावाचा क्षार ९५० अंशांच्या आसपास वितळवायचा, त्यात ॲल्युमिनाची पांढरी पूड विरघळवायची आणि त्यातून वीज सोडायची: आजही जगातलं नवं ॲल्युमिनियम याच पद्धतीने निघतं. भाव धाडकन खाली आला आणि चांदीच्या पंक्तीतला धातू काही वर्षांत स्वयंपाकघरात आला.

इमारतींतही आला. लंडनच्या पिकॅडिली चौकात १८९३ मध्ये एक कारंजं उभं राहिलं. खालचं कारंजं कांस्याचं आणि वर एका पायावर तोललेला, धनुष्य ओढणारा पंखवाला मुलगा ॲल्युमिनियमचा. दोन्ही धातूंनी आपापलं काम वाटून घेतलं आहे: वजन खाली, हलकेपणा वर. व्हिएन्नात ओटो वाग्नर यांनी १९०६ मध्ये पुऱ्या केलेल्या पोस्टाच्या बचत बँकेत संगमरवराच्या फरश्या बोल्टने बसवल्या आणि बोल्टची ॲल्युमिनियमची डोकी मुद्दाम उघडी ठेवली, दागिन्यावरच्या मण्यांसारखी. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा ओतीव होता, नाहीतर ते वजन उचललंच नसतं. न्यूयॉर्कच्या १९३१ मधल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये वरच्या आणि खालच्या खिडकीमधले पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९५८ मध्ये सीग्राम बिल्डिंग झाली, ३८ मजली. ती दारू बनवणाऱ्या कंपनीची, तेव्हा धंद्याचं कौतुक मी करणार नाही. पण मालकाच्या मुलीने, फिलिस लँबर्टने, आधीचा आराखडा पाहून वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, तो आराखडा साफ नाकारला आणि पुढे मीस व्हान डेर रोहे हे वास्तुकार निवडले. आगीच्या नियमामुळे आतलं पोलाद काँक्रीटमध्ये गाडावं लागलं. मग त्यांनी बाहेरून कांस्याच्या उभ्या पट्ट्या लावल्या. त्या भार घेत नाहीत, आत भार कसा उभा आहे ते फक्त दाखवतात. सुमारे दीड हजार टन कांस्य लागलं. ते हिरवं पडू नये म्हणून नियमाने पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. आपलं देवघर काय आणि ती ३८ मजली इमारत काय, उजळणी चुकत नाही. आणखी एक गंमत: बांधकामाच्या धंद्यात ज्याला कांस्य म्हणतात त्यात पुष्कळदा कथिलाऐवजी जस्त असतं. म्हणजे आपल्या भाषेत ते पितळच. नाव मोठं, जात वेगळी.

आपल्या सड्यावरून

भारतात ॲल्युमिनियमची भांडी बनवण्याची सुरुवात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत झाली. अल्फ्रेड चॅटर्टन हे इंग्रज अधिकारी तिथे होते, कारागिरांना नवा धंदा मिळावा असा त्यांचा हेतू. पत्रा मात्र परदेशातून यायचा. देशात धातू निघू लागला तो १९४३ मध्ये, केरळात आलुव्याजवळ. पुढे आपल्या शेजारी बेळगावला कारखाना आला. त्याला लागणारं बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-चंदगडच्या सड्यांवरून खणून नेलं जायचं. बॉक्साइट म्हणजे आपल्या जांभ्याचा सख्खा भाऊ. काळ्या कातळावर लाखो वर्षं पाऊस पडून बाकीचं वाहून गेलं आणि ॲल्युमिनियम-लोखंड उरलं, तो हा लाल दगड.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्या शास्त्रांत पृथ्वीकायाचे प्रकार सांगताना माती-दगडांबरोबर लोखंड, तांबं, कथील, शिसं, चांदी, सोनं यांची नावं येतात. खाणीतलं ते सगळं सजीव मानलं आहे. ॲल्युमिनियमचं नाव तिथे असणं शक्यच नव्हतं, पण यादीचा अर्थ स्पष्ट आहे. एक टन ॲल्युमिनियमसाठी चार-पाच टन बॉक्साइट खणावं लागतं. एका किलोला साधारण १४ युनिट वीज लागते, म्हणजे आमच्या घराची तीन-चार दिवसांची. मागे उरतो तो क्षाराचा लाल चिखल. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला, गावांत लाल लोंढा शिरला आणि १० माणसं गेली. हलक्या पातेल्याचं वजन असं दुसरीकडे कुठेतरी पडलेलं असतं.

पण त्याच धातूचा एक मोठा गुणही आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे चेपलेलं पातेलं, जुना कुकर, खिडकीची मोडकी चौकट भंगारवाल्याला देणं ही खरोखर दया आहे. ॲल्युमिनियम मोडीत घालावं. त्याच्या अंगावर कुणी नाव कोरलेलं नसतं.

गोळा केलेली पातेली, उतरवलेल्या घंटा

दुसऱ्या महायुद्धात दोन्ही धातूंवर एकाच वेळी संक्रांत आली. १९४० च्या जुलैत इंग्लंडमध्ये सरकारने बायकांना आवाहन केलं की ॲल्युमिनियमची पातेली द्या, आम्ही त्यांची लढाऊ विमानं करू. बायकांनी कढया, किटल्या, तवे चौकांत आणून रचले. त्याच युद्धात जर्मनीने स्वतःच्या आणि जिंकलेल्या देशांच्या चर्चवरून दीड लाखाहून जास्त घंटा उतरवल्या, तांबं आणि कथिलासाठी. हँबर्गच्या बंदरात त्या ओळीने उभ्या केलेल्याचे फोटो आहेत. लोक त्या जागेला घंटांचं स्मशान म्हणायचे. बहुतेक वितळल्या. ज्या उरल्या त्या युद्धानंतर वर्षानुवर्षं खपून आपापल्या गावी परत पोचवल्या, आणि कोणती कुठली हे ओळखता आलं ते त्यांच्यावर कोरलेल्या अक्षरांमुळे.

शांततेच्या काळात हेच दोन धातू एकमेकांत मिसळून काम करतात. तांब्यात ९-१० टक्के ॲल्युमिनियम, थोडं निकेल आणि लोखंड घातलं की जे कांस्य होतं त्याचे मोठ्या जहाजांचे पंखे ओततात. खारं पाणी त्यांना खात नाही. पेट्रोलच्या साठ्याजवळ ॲल्युमिनियम-कांस्याचे हातोडे वापरतात, कारण ठिणगी उडत नाही. आणि तुमच्या टेबलफॅनच्या मोटारीत दांडा ज्या बुशमध्ये फिरतो ती कांस्याची पूड दाबून केलेली असते, बारीक छिद्रांत तेल भरून. पोलादी दांडा झिजू नये म्हणून ती स्वतः झिजते. घरातल्या काही बायकांची आठवण आली ना?

मग घंटेचं काय झालं

मला हवी होती ती गोष्ट शेवटी लंडनच्याच एका घंटेत सापडली. बिग बेन. १८५९ च्या जुलैत ती वाजू लागली आणि सप्टेंबरात तिला चीर गेली. तिच्या आधी ओतलेली घंटाही तडकली होती आणि तिला फोडून वितळवलं होतं. या वेळी मात्र त्यांनी वेगळं केलं. काही वर्षं ती गप्प ठेवली. मग चीर पुढे जाऊ नये म्हणून तिथला छोटा तुकडा कापला, घंटा थोडी फिरवली म्हणजे घाव नव्या जागी बसेल, आणि हातोडा हलका केला. ती चीर घेऊनच ती आजही वाजते. जगभर जो आवाज लोकांना ओळखीचा आहे तो तडकलेल्या घंटेचा आहे.

महिन्याने बैठकीत मी हे सांगितलं. जरा अडखळत सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “आणि नाही जमलं तर?” मी म्हटलं, “काका, मग मोडीचा भाव आहेच की. तो कुठे पळून जातो? नाव मात्र एकदाच जातं.”

यंत्रांची कामं करणाऱ्या एका जाणत्या कारागिराला बोलावलं. त्याने चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती तिथेच थांबेल. घंटा पाव फेरा फिरवून टांगली. आतला लोळक काढून हलका बसवला. पहिला टोल काकांनीच दिला. आवाज पूर्वीसारखा आला नाही, खोटं कशाला सांगू. घोगरा आहे, लवकर विरतो. पण ‘खट्ट’ नाही. काका थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, “आवाज बसलाय, पण माणूस तेच आहे.”

ओवरीला ॲल्युमिनियमची दारं बसली, वर्गणी काढून. पावसाचं पाणी आत येत नाही, म्हाताऱ्या माणसांना ती एका बोटाने सरकवता येतात. मला ती आवडली. मी उघडपणे तसं सांगितलंसुद्धा.

एक विनंती आहे. तुमच्या गावच्या मंदिरातल्या घंटा, समया, प्रभावळी, जुनी ताटं यांवर काही कोरलेलं असेल तर या सुट्टीत त्याचे फोटो काढा आणि वहीत उतरवून ठेवा. साल, नाव, गाव. त्यात बायकांची नावं किती निघतात ते मला कळवा. आणि घंटा बद्द वाजत असेल तर मोडीत घालण्याआधी तिला पाव फेरा फिरवून पाहा.

मी घरी आल्यावर आजीची वाटी कपाटातून काढली, चिंचेने लख्ख घासली आणि टिचकी मारली. अजून गुणगुणते.

जय जिनेंद्र.